दान वेगळं, देणं वेगळं

"आपल्या वस्तीतल्या नळाला पाणी नाही, आणि तू इंग्लंडातल्या गिटारवाल्याच्या वाड्याच्या गोष्टी सांगतोस!"

परवा बैठक सुटल्यावर एका दोस्तानं मला असं सुनावलं. सगळे हसले. मीही हसलो. पण त्याचं म्हणणं पटलं नाही. 'पँथर' हे नाव आपण कुठून घेतलं? अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून घेतलं, आणि उघड सांगून घेतलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा हे नाव आम्हालाच सुचलं असं तिच्या पोरांनी कधी म्हटलं नाही. दुसऱ्याचं घेणं हा गुन्हा नव्हे. पण घेतलं कुणाचं, ते सांगायचं की नाही? आणि त्यातून पैसा झाला तर त्याचा वाटा कुणाला? प्रश्न एवढाच आहे. तो तपासायला मला तो गिटारवाला लागतो.

त्याचं नाव जिमी पेज. जन्म १९४४. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक. लहानपणी नव्या घरात राहायला गेले तर तिथं कुणाची तरी राहून गेलेली गिटार सापडली, असं तो स्वतः सांगतो. तिच्यावर शिकला. विशीत आला तेव्हा लंडनच्या स्टुडिओंमधला रोजंदारीचा वादक झाला होता. सकाळी एकाची रेकॉर्ड, दुपारी दुसऱ्याची. ठरलेली बिदागी घ्यायची आणि गिटार उचलून निघायचं. त्याच्या हातचं काम कित्येक गाण्यांत वाजलं, पण रेकॉर्डवर त्याचं नाव नसे. हे ध्यानात ठेवा. बिननावाच्या कामगाराचं जिणं या माणसानं स्वतः अनुभवलं होतं.

म्हणून १९६८ मध्ये स्वतःचा बँड काढला तेव्हा तो शहाणा झालेला होता. पहिली रेकॉर्ड पदरच्या पैशानं सुमारे ३६ तासांच्या कामात तयार केली आणि मग अटलांटिक कंपनीशी करार केला. संगीत आमचं, निर्मिती माझी, कंपनीनं मध्ये ढवळाढवळ करायची नाही. बँडचा मॅनेजर पीटर ग्रँट हा धिप्पाड गडी. कार्यक्रमाच्या ठेकेदारांना त्यानं सरळ सांगितलं, गल्ल्यातले शंभरातले नव्वद आमचे, दहा तुमचे. तोवर ठेकेदारच वादकांना नागवत आलेले. इथपर्यंत मी पेजच्या बाजूचा आहे. राबणाऱ्यानं आपल्या मालाचा भाव आपणच ठरवावा, याला आपण नाही म्हणणार असू तर मग आपली चळवळ कशाची?

पैसा आला, आणि धो धो आला. १९७२ मध्ये पेजनं लंडनमधलं 'टॉवर हाऊस' साडेतीन लाख पौंडांना विकत घेतलं. विल्यम बर्जेस नावाच्या वास्तुकारानं एकोणिसाव्या शतकात स्वतःसाठी बांधलेला तो किल्ल्यासारखा वाडा. १९८० मध्ये बँडचा ड्रमवाला जॉन बॉनम मेला आणि बँड मोडला. वाजवणं थांबलं, पण पैसा थांबला नाही. कारण गाणं हे जमिनीसारखं असतं. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की तुम्ही औत धरा न धरा, पीक घरी येतं. जगात कुठंही ती रेकॉर्ड विकली, रेडिओवर वाजली, सिनेमात घेतली, की ज्याच्या नावावर गाणं आहे त्याच्याकडं रॉयल्टी जाते. त्याच्यामागून त्याच्या वारसांकडं जाते.

तेव्हा वाडा केवढा, हा प्रश्न नाही. सातबारा काय म्हणतो, हा प्रश्न आहे.

आता दुसऱ्या माणसाकडं येऊ. विली डिक्सन. जन्म १९१५, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्ग गावी. काळा. तरुणपणी शिकागोला आला, मुष्टियुद्ध खेळला, मोठं बासरं म्हणजे डबल बास वाजवू लागला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला त्यानं नकार दिला. जो देश मला माणूस मानत नाही त्याच्यासाठी मी का लढू, असा त्याचा सवाल होता. त्यापायी तुरुंगात गेला. पुढं शिकागोच्या चेस कंपनीत गाणी लिहिणारा, वादक जमवणारा, रेकॉर्डिंग उभं करणारा असा सगळ्या कामाचा माणूस झाला. त्याची गाणी गाणारा मडी वॉटर्स हाही मिसिसिपीचाच. जमीनदाराच्या कापसाच्या मळ्यात वाट्यानं राबणारा शेतमजूर. १९४३ मध्ये तो शिकागोला निघून आला. गाव सोडून मुंबईच्या गिरणीत, गोदीत आलेले आपले आजे डोळ्यांपुढं आणा म्हणजे हा प्रवास समजेल. येताना त्यांनी बोचक्यात काही आणलं नाही. गळ्यात गाणं आणलं. त्या गाण्याला ब्लूज म्हणतात.

१९६२ मध्ये मडी वॉटर्सनं डिक्सनचं 'यू नीड लव्ह' हे गाणं रेकॉर्ड केलं. १९६९ मध्ये लेड झेपलिनच्या दुसऱ्या रेकॉर्डवर पहिलंच गाणं आलं, 'होल लोटा लव्ह'. गिटारचा तो घुमणारा तुकडा पेजचा स्वतःचा. त्यात वाद नाही, आणि तो तुकडा जबर आहे. पण त्यावर गायलेले बरेचसे शब्द डिक्सनचे. रेकॉर्डवर नावं कुणाची? बँडच्या चौघांची. डिक्सनचं नाही. गाणं अमेरिकेत गाजलं, जगभर गेलं. डिक्सनच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. पुढं त्याच्या मुलीच्या, शर्लीच्या ध्यानात आलं की हे तर आपल्या बापाचे शब्द आहेत. १९८५ मध्ये डिक्सननं दावा लावला. तेव्हा तो सत्तरीचा होता. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही. पण आज त्या गाण्याखाली चौघांच्या जोडीला पाचवं नाव आहे, विली डिक्सन. १८ वर्षं लागली.

हा प्रकार एकदाच घडला असता तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. त्याच रेकॉर्डवरच्या 'ब्रिंग इट ऑन होम'बद्दल आर्क म्युझिक या कंपनीनं आधीच भांडण काढलं होतं, १९७२ मध्ये. तेही गाणं डिक्सनचंच. कंपनीनं तडजोड करून पैसे घेतले. आणि इथं गंमत बघा. ही आर्क म्युझिक म्हणजे चेस कंपनीवाल्यांचीच प्रकाशन संस्था. डिक्सनच्या गाण्यांचे हक्क तिच्याकडं. डिक्सनला स्वतःचे पैसे आणि हक्क सोडवायला या आपल्याच कंपनीशी वेगळं भांडावं लागलं. म्हणजे चोर एकटा लांबचा नव्हता. घरचा मुकादमही वाटेकरी होता. आपल्याला हे नवं नाही.

आता पेजच्या बाजूनं जे बोललं जातं ते नीट ऐकू. प्रतिपक्षाचं न ऐकता निकाल देणं ही गावपंचायतीची रीत, आपली नव्हे.

पहिला मुद्दा असा की पेजनं फक्त काळ्यांचंच घेतलं असं नाही. खरं आहे. जेक होम्स या गोऱ्या गायकाच्या गाण्याचंही तसंच झालं. त्यानं २०१० मध्ये दावा लावला, तडजोड झाली, आणि मग त्याचं नाव आलं. ॲन ब्रेडन या गोऱ्या बाईच्या गाण्यावर तिचं नाव १९९० च्या सुमारास लागलं. पण यातून काय सिद्ध होतं? ज्याच्यामागं वकील नाही, कंपनी नाही, त्याचं नाव सहज गळतं. गोऱ्यांत असा एखादा गरीब असतो. काळ्यांमध्ये अख्खी पिढीच तशी होती. जात नसलेल्या अन्यायातही जातवाल्यांचा वाटा मोठाच असतो.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. ब्लूज हे लोकांचं गाणं आहे. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात गेलं, एकाच्या ओळी दुसऱ्यानं घेतल्या. डिक्सननंही जुन्यातून उचललंच की. मग पेजनं उचललं तर बिघडलं काय?

या मुद्द्यानं मी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर मिळालं ते गायरानात. गायरान सगळ्या गावाचं असतं. कुणाचंही जनावर तिथं चरावं. पण एखादा बडा माणूस म्हणतो, हे तर सगळ्यांचं, मग मी वापरलं तर काय झालं? आणि तलाठ्याकडं जाऊन त्यावर एकट्याचं नाव चढवून येतो. पेजच्या बाबतीत हेच झालं. घेताना सगळ्यांचं होतं, नोंदताना चौघांचं झालं. सगळ्यांचं होतं तर सगळ्यांचं म्हणून नोंदवायचं होतं, 'पारंपरिक' असं लिहायचं होतं. तसं लिहिलं नाही. जे सगळ्यांचं आहे त्यावर एकट्याची मालकी सांगणं, ही सगळ्यांचीच चोरी.

तिसरा मुद्दा, त्यानं त्यात भर घातली. घातली, मान्य. पेज स्वतःही हेच म्हणत आला आहे, की दुसऱ्याचं जे वापरलं त्यात मी काहीतरी नवं आणलं, आणि शब्द बदलायचं काम गायकाचं होतं. पण घर दुरुस्त केलं म्हणून जागा आपली होत नाही. भरीचे पैसे जरूर घ्या. मुळाचे ज्याचे त्याला द्या.

आता चौथा मुद्दा, आणि माझा लेख खरं तर यासाठीच आहे. लोक म्हणतात, पेज दानशूर आहे. आहेच. ब्राझीलमधल्या रस्त्यावरच्या पोरांसाठी त्यानं काम केलं, घर उभारायला मदत केली. त्याबद्दल २००५ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्याला ओबीई हा किताब दिला. त्या पोरांच्या डोक्यावर छप्पर आलं ही चांगलीच गोष्ट. मी तिची टवाळी करणार नाही. पण माझ्या मनात दोन चित्रं शेजारीशेजारी येतात. ब्राझीलच्या पोराला जे मिळालं ते देणाऱ्याच्या मर्जीनं मिळालं, आणि देणाऱ्याला वर किताब मिळाला. डिक्सनला जे मिळालं ते कोर्टाच्या दारातून, आणि देणाऱ्याला तडजोड करावी लागली.

दान आणि देणं यांत हाच फरक आहे. दान देणारा उंचावर असतो. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कधी थांबवायचं, सगळं त्याच्या हातात. देणं असलं की ज्याचं येणं आहे तो समोर ताठ उभा राहतो आणि हिशेब मागतो. म्हणून सावकाराला दान आवडतं, देणं आवडत नाही. एका खिशातून शंभर पोरांना दान दिलं म्हणून दुसऱ्या खिशात अडकलेलं एका म्हाताऱ्याचं देणं फिटत नाही. आकड्यानं दान मोठं असलं तरी फिटत नाही. आपल्याला गावानं शिळी भाकर वाढली ते दान होतं. आपल्या राबण्याची मजुरी हे देणं होतं. ते त्यानं कधी दिलं नाही, आणि भाकरीचे उपकार मात्र मोजले.

कुणी म्हणेल, नाव छापलं की संपलं ना? तेही बघू. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला, बांध फुटले. ग्रीनव्हिल गावात काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं बांधावर राबत ठेवलं. याच वर्षी मार्चमध्ये आपली माणसं महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावायला गेली होती. एकीकडं पाण्यापासून दूर ठेवलं, दुसरीकडं पाण्यातून हलू दिलं नाही. दोन्हीकडं पहारा मात्र वरच्यांचाच. त्या पुरावर मेम्फिस मिनी ही काळी गिटारवाली आणि तिचा नवरा जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये गाणं रेकॉर्ड केलं. १९७१ मध्ये लेड झेपलिननं ते आपल्या रेकॉर्डवर घेतलं आणि चौघांच्या जोडीनं मिनीचं नाव छापलं. हे चांगलं केलं. तेव्हा मिनी मेम्फिसमध्ये अर्धांगवायूनं खंगत होती. १९७३ मध्ये गेली. तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो १९९६ मध्ये बसला, बॉनी रेट या दुसऱ्या गिटारवालीच्या पैशानं. नाव छापणं ही पहिली पायरी झाली. ती चढली म्हणून घरात पोचलो असं होत नाही.

आपल्या इतिहासात याच प्रश्नाचा एक निवाडा झालेला आहे. महाडच्याच वेळची आठवण आपल्यात सांगितली जाते. पठ्ठे बापूराव हे जन्मानं ब्राह्मण कुलकर्णी. तमाशापायी घरदार, जात सोडलेले. त्यांच्या लावण्या आणि महाराच्या पवळाचा नाच-गळा, याच्यावर त्यांचा फड महाराष्ट्रभर गाजला. त्यांनी सत्याग्रहासाठी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं. चळवळीला पैशाची किती निकड होती ते सांगायला नको. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. आमच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको.

हा नकार नीट समजून घ्या. बापूराव वाईट माणूस होते असं त्यात नाही. त्यांनी स्वतःची जात ओवाळून टाकली होती आणि शेवटी हलाखीतच गेले. पेजपेक्षा त्यांनी कितीतरी जास्त मोजलं. तरीही बाबासाहेबांनी पैसा परतवला. कारण तो पैसा ज्यांच्या देहातून आणि गळ्यातून आला त्यांनाच तो दान म्हणून मिळणार होता, आणि त्याबरोबर ती सगळी व्यवस्था पवित्र होऊन जाणार होती. माणूस चांगला असणं आणि पैसा सरळ असणं, या दोन गोष्टी बाबासाहेबांनी वेगळ्या ठेवल्या. आपण त्या सारख्या मिसळतो.

आणि डिक्सननं काय केलं? तोही इथंच येऊन पोचतो, दुसऱ्या वाटेनं. त्यानं पैसा नाकारला नाही, कारण ते त्याचं देणंच होतं. पण ते घेऊन तो घरी बसला नाही. ब्लूज हेवन नावाची संस्था त्यानं काढली होती. म्हाताऱ्या, फसवल्या गेलेल्या ब्लूज गायकांना आपले हक्क कसे सोडवायचे ते कळावं, त्यांना मदत व्हावी, हे तिचं काम. तडजोडीचा पैसा या कामाला लागला. डिक्सन १९९२ मध्ये गेला. आज ती संस्था शिकागोत, २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर आहे, ज्या इमारतीत चेस कंपनीचा स्टुडिओ होता तिथंच. मुकादमाची कचेरी कामगारांच्या ताब्यात आली म्हणा ना. एकाचं देणं वसूल झालं, त्यातून दहाजण हिशेब मागायला शिकले. याला मी संघटना म्हणतो.

आता तो दोस्त म्हणेल, अमेरिका झाली, इंग्लंड झालं, आमचं काय?

१९७२ मध्ये, म्हणजे पेजनं वाडा घेतला आणि पँथर जन्मली त्याच वर्षी, पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईला आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्वतःची दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग ४३ वर्षांनी, २०१५ मध्ये अधिकृतपणे बाजारात आलं. त्यावर नाव आहे, बॉम्बे ऑर्केस्ट्रा. ऐकायला छान वाटतं. पण त्यातला तबलजी कोण, व्हायोलिनवाले कोण, हे आपल्यातले किती जण सांगू शकतील? स्वतः कधीकाळी बिदागी घेऊन बिननावाचा वाजवणारा तो पोरगा आता बिदागी देणारा झाला होता. वर गेलं की खालचं दिसेनासं होतं. हा रोग गोऱ्यांचा नाही, वर जाण्याचा आहे.

म्हणून आता आपल्याकडं बोट. जयंतीच्या मंडपात रात्रभर भीमगीतं वाजतात. कुणाची रचना, कुणाचा गळा, कुणाची ढोलकी, माईकवरून कुणी सांगतं का? मिरवणुकीत चार तास हलगी बडवणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता "उद्या ये, हिशेब करू" कोण म्हणतं? आपणच. स्मरणिकेत एखाद्याची कविता नाव कापून छापतो आणि वर "चळवळीसाठी आहे, त्यात काय विचारायचं" म्हणतो. आपल्या आज्यांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. त्या आपण भाषणात पेरतो, टाळ्या घेतो, आणि आजी निनावीच राहते. चळवळीचं म्हणून घ्यायचं आणि स्वतःच्या नावावर टाळ्या जमा करायच्या, हेही गायरानावर नाव चढवणंच झालं.

आपल्या शाहिरांनी याच्यावर एक तोड आधीच काढून ठेवली आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपलं नाव गुंफतात. वामनदादा कर्डकांचं गाणं कुणीही कुठंही गावं, शेवटी 'वामन' म्हणावंच लागतं. ते नाव गाळलं तर गाणं लंगडं होतं. कोर्ट नाही, वकील नाही, कॉपीराइटचा कागद नाही. लिहिता न येणाऱ्यांच्या दुनियेत सातबारा गाण्यातच कोरून ठेवलेला. पण नाव राहिलं तरी वाटा राहतो असं नाही. कॅसेटच्या धंद्यात कुणाचे इमले झाले आणि शाहिरांच्या घरात काय पोचलं, हे तुम्हीच आपापल्या गावच्या शाहिराला विचारा.

तेव्हा दोस्त हो, मला तीन गोष्टी सुचतात. घेण्याआधी विचारा. घेतलं तर नाव सांगा, आणि नाव माहीत नसेल तर गाव सांगा, कुणाच्या तोंडून ऐकलं ते सांगा. आणि पैसा जमला तर वाटा द्या, तोही मागायच्या आधी द्या. सत्कार, शाल, नारळ हे सगळं दान आहे. हलगीवाल्याचे ठरलेले पैसे त्याच रात्री हातावर ठेवणं हे देणं आहे. आधी देणं फेडा, मग खुशाल शाल घाला.

जिमी पेज आता ऐंशीच्या पुढं गेला आहे. २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकच्या समारोपात, साऱ्या जगापुढं, त्यानं 'होल लोटा लव्ह' वाजवलं. तोवर डिक्सनशी तडजोड होऊन २१ वर्षं झाली होती आणि डिक्सन जाऊन १६. वाजवणारा कमालीचा होता, यात शंका नाही. पण त्या रात्री त्या गाण्याचा वाटा डिक्सनच्या वारसांच्याही नावावर होता. तो कुणाच्या मेहेरबानीनं नव्हता. एका सत्तरीच्या म्हाताऱ्यानं हिशेब मागितला होता म्हणून होता.

नळाच्या पाण्याचंही तसंच आहे, दोस्ता. टँकर पाठवणारा दान करतो. नळाचं पाणी हे आपलं येणं आहे.

जयभीम.